छोट्या मॉडेलांची छायाचित्रे : पार्श्वभूमी आणि प्रकाशयोजना

छोटी_लाईन (धागाकर्ता)

या विभागात नागपूर आणि आसपासच्या मॉडेल करणाऱ्या मंडळींची छायाचित्रे बऱ्याच काळापासून येत आहेत. इंजिनावरच्या रिव्हेटांच्या ओळी, डब्यांवर उतरवलेला गंज, खडीचा रंग यांवर त्यांनी घेतलेली मेहनत कोणाच्याही लक्षात यावी अशी असते. तरीही छायाचित्र उघडताच नजर आधी जाते ती मागच्या चादरीच्या चुणीकडे, टेबलाच्या कडेकडे किंवा निळ्या आकाशावर पडलेल्या धुराड्याच्या सावलीकडे. यावर बहुतेकांचा उपाय नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स घेण्याचा असतो आणि मला तो खर्च अस्थानी वाटतो. मॉडेल आपण काटेकोरपणे १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे, उतरवतो, पण उजेड आणि पार्श्वभूमी मात्र खोलीच्याच मापाची राहू देतो. खरी अडचण तेथे आहे.

ब्रॉडगेजसाठी बंद झालेल्या नागपूर–नागभीड छोट्या लाईनचे उदाहरण घेऊ. तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतरावर होते. त्याला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणून अशी मॉडेले ९ मिलिमीटर रुळावर धावतात. हाच भागाकार छायाचित्र घेणाऱ्यालाही लागू करावा. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात. १:८७ मध्ये ती उंची १७ मिलिमीटर भरते. आपण मात्र टेबलापाशी उभे राहून, चाळीस सेंटिमीटर वरून छायाचित्र घेतो. त्या मापात ही उंची जवळजवळ ३५ मीटर होते, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरून स्टेशन पाहिल्यासारखे दृश्य मिळते. त्यातून मग पार्श्वभूमीत आकाश येतच नाही, टेबलच येते. लेन्स रुळांच्या पातळीपर्यंत खाली आणल्याखेरीज पार्श्वभूमीची चर्चा सुरूच होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. आपल्यापैकी अनेकांचा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेली फळी, भिंतीला टेकलेला असतो आणि आकाशाचा कागद भिंतीवर डकवलेला असतो. अशा मांडणीत मॉडेलवर टाकलेला प्रत्येक उजेड आकाशावरही पडतो आणि मॉडेलची सावली ढगांवर उमटते. छायाचित्रापुरता का होईना, लेआउटचा तो तुकडा भिंतीपासून निदान तीन फूट पुढे ओढावा आणि मागच्या पडद्याला स्वतंत्र दिवा द्यावा. तो दिवा लेआउटच्या मागच्या कडेखाली दडवून वरच्या दिशेने रोखला, तर पडदा क्षितिजापाशी अधिक उजळ आणि वर जाताना गडद दिसतो. निरभ्र दिवशी खरे आकाश असेच असते, त्यामुळे साध्या फिकट निळ्या कागदालाही खोली येते. ज्यांना पडदा रंगवणे जमत नाही त्यांनी निदान एवढे करून पाहावे.

प्रकाशाविषयी जाणकारांनी लिहावे अशी अपेक्षा आहे. एक विनंती मात्र आधीच करतो. मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उघड्यावर उभ्या असलेल्या इंजिनांजवळ थोडा वेळ थांबून त्यांच्या पोटाखालचा भाग पाहावा. कडक उन्हातही चाकांमागचा भाग पूर्ण काळा नसतो, कारण जमिनीवरून परतलेला उजेड ब्रेकच्या दांड्यांच्या खालच्या कडांवर पोहोचतो. आपल्या छायाचित्रांत नेमका तोच भाग डांबर ओतल्यासारखा दिसतो.

खामला_कट्टा

लेख आवडला. माझ्याकडे एक खोली, एक टेबल, छतावर एक ट्यूबलाईट आणि पूर्वेची एक खिडकी आहे. खर्च मर्यादित ठेवायचा असेल तर सर्वप्रथम कोणती वस्तू घ्यावी, हे कोणी सांगू शकेल काय?

सदर_वायरमन

खामला_कट्टा, सर्वप्रथम ट्यूबलाईट बंद करावी आणि खिडकीला जाड पडदा लावावा. त्याला काही खर्च नाही. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), पिवळसर बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो, आणि खिडकीचा उजेड तर तासागणिक बदलतो. हे सगळे एकत्र झाले की इंजिनाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते आणि कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कोणतेही ठेवले तरी दोन्ही बाजू एकाच वेळी दुरुस्त होत नाहीत. खोलीत एकाच जातीचे दिवे असावेत. घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक लिहिले आहे का ते पाहावे, कारण कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात, आणि आपल्या गंजाच्या छटा सगळ्या तेथेच असतात.

आता धागाकर्त्यांनी मांडलेला मापाचा मुद्दा उजेडाला लावून पाहू. पृथ्वीवरून सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. एक मीटरवर ठेवलेल्या दिव्याने तशीच रेखीव सावली पाडायची असेल, तर त्या दिव्याचा उजळ भाग केवळ ९ मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. उलट, साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारी पेटी) साठ सेंटिमीटरवर ठेवला तर मॉडेलच्या दृष्टीने तो सूर्याच्या सुमारे शंभर पट रुंद होतो. तो उजेड ढगाळ दिवसाचा असतो, आणि मागे मात्र आपण लख्ख निळे आकाश टांगलेले असते. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते जरूर. उन्हाचे दृश्य हवे असेल तर एक छोटा, उघडा, तेजस्वी एलईडी स्पॉट पुरेसा आहे. सुरुवातीला माझ्या मते एवढीच खरेदी करावी.

तो दिवा जवळ ठेवू नये. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. गाडीच्या टोकाकडून ३० सेंटिमीटरवर दिवा ठेवला आणि गाडी तेवढीच लांब असली, तर इंजिनावर पडणाऱ्या उजेडाच्या एक-चतुर्थांशच शेवटच्या डब्यावर पोहोचतो. तोच दिवा दीड मीटरवर नेला तर शेवटच्या डब्याला जवळजवळ ७० टक्के उजेड मिळतो. प्रत्यक्षात सूर्य इतका दूर आहे की इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत उजेडात काहीच फरक पडत नाही. दिवा मागे नेल्याने उजेड कमी होईल, तो शटर लांबवून भरून काढावा. मॉडेल पळून जात नाही. ट्रायपॉड लावावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि शटर एक-दोन सेकंद उघडे राहू द्यावे. शटर फार जलद ठेवले तर स्वस्त एलईडीची झगमग छायाचित्रात पट्ट्यांच्या रूपाने उमटते, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. लांब शटरमुळे तीही कटकट मिटते.

पडद्याचा दिवा सोडता मॉडेलवर दिवा एकच ठेवावा, यावर मी ठाम आहे. सावल्या उजळण्यासाठी दुसरा दिवा लावला की प्रत्येक खांबाला दोन सावल्या येतात आणि आकाशात दोन सूर्य असल्याचे निष्पन्न होते. दुसऱ्या दिव्याऐवजी समोरच्या बाजूला पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका, जाड ताव) उभा करावा. तो पुढे-मागे सरकवला की सावलीची खोली हवी तेवढी बदलता येते. चाकांमागच्या अंधारासाठी लेन्सच्या अगदी खाली, चौकटीबाहेर, पांढऱ्या कार्डाची दोन बोटे रुंद पट्टी आडवी ठेवावी.

जाता जाता एक घरगुती सूचना. उन्हाळ्यात छायाचित्र घेताना कूलर बंद करावा. त्याच्या झोताने मॉडेलवरची झाडे हलतात, आणि एक सेकंदाच्या शटरमध्ये टेबलाची थरथरही पुरेशी घातक असते. जुना हॅलोजन फोकस मुळीच वापरू नये. जवळून लावल्यास प्लॅस्टिकचे डबे वाकतात.

धरमपेठ_१_७२

सदर_वायरमन यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, तथापि ते सर्व प्रकारच्या मॉडेलांना सरसकट लागू करू नये, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. मी विमाने करतो. भारतीय वायुसेनेचे नॅट हे लढाऊ विमान उघड्या धातूच्या चकाकीत १:७२ मध्ये केले आणि त्यावर छोटा कडक दिवा रोखला, तर पंखावर एक डोळे दिपवणारा ठिपका आणि उरलेले विमान काळे, एवढेच हाती लागते. चकाकणाऱ्या पृष्ठभागाला स्वतःचे रूप नसते, समोर जे असेल तेच तो दाखवतो. म्हणून त्याच्यासमोर मोठा, एकसारखा पांढरा पृष्ठभाग असावा लागतो. मी दोन्ही बाजूंना आणि वर ट्रेसिंग पेपर ताणलेल्या चौकटी उभ्या करतो आणि दिवे त्यांच्या बाहेरून लावतो. मग धडाच्या गोलाईवर पांढऱ्यातून करड्याकडे जाणारी सलग छटा मिळते आणि पत्र्याचे सांधे वाचता येतात. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) लावल्यास ही चकाकी जाईल असे काही जण सांगतात, पण उघड्या धातूवरच्या प्रतिबिंबाला तो फारसा उपयोगी पडत नाही. रंगवलेल्या किंवा वार्निश केलेल्या पृष्ठभागावर त्याचा गुण येतो.

शिवाय स्पर्धेसाठी पाठवायच्या छायाचित्रात परीक्षकाला विमान पाहायचे असते, धावपट्टीवरची दुपार नव्हे. अशा छायाचित्राला आकाश, गवत, इंधनाची टाकी यांपैकी काहीही नको. मॅट करड्या कागदाचा मोठा ताव टेबलावरून मागे वर वळवत न्यावा, वळणाला घडी पडू देऊ नये, म्हणजे टेबल आणि भिंत यांची रेघ नाहीशी होते. पांढऱ्या कागदापेक्षा मधल्या करड्या छटेवर चांदी आणि छद्मावरणाचे हिरवे हे दोन्ही रंग नीट वेगळे उठतात.

छोटी_लाईन (धागाकर्ता)

धरमपेठ यांचा मुद्दा मान्य आहे आणि तो मी मूळ लेखातच मांडायला हवा होता. नोंदीचे छायाचित्र आणि दृश्याचे छायाचित्र ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात मॉडेल कसे केले आहे ते दाखवायचे असते, दुसऱ्यात ते मॉडेल आहे हे विसरायला लावायचे असते. दिवा हातात घेण्यापूर्वी यांतले कोणते करायचे ते ठरवावे. दोन्ही एकाच चौकटीत साधू पाहणाऱ्यांची छायाचित्रे या विभागात सर्वांत जास्त आहेत, आणि त्यांत मऊ उजेडाखाली, छापील सूर्यास्तासमोर, सावलीविना उभी असलेली इंजिने दिसतात.

चितार_ओळ

पडद्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हाताला रंगाची सवय आहे.

पार्श्वभूमीत सर्वाधिक चूक क्षितिजाच्या उंचीची होते. सपाट प्रदेशात क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसते. म्हणून लेन्स रुळापासून १७ मिलिमीटरवर असेल तर पडद्यावरचे क्षितिजही त्याच उंचीवर यायला हवे. बाजारात मिळणाऱ्या छापील देखाव्यांत ते कागदाच्या मध्यावर असते, त्यामुळे गाडी खड्ड्यातून चालल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे. पडद्याचा खालचा भाग लेआउटच्या मागच्या कडेखाली ढकलून द्यावा, कॅमेऱ्यातून पाहत वर-खाली सरकवावा आणि सांधा जुळला की चिमट्याने पक्का करावा. सांध्यावर झुडपांची एक विरळ ओळ लावली की रेघ लपते. झुडपे एकसारख्या उंचीची मात्र लावू नयेत, नाहीतर बंगल्याच्या कुंपणाची मेंदी दिसते.

दुसरी चूक रंगाची. नळीतून निघालेला निळा तसाच आकाशाला फासला जातो. मे महिन्यातले विदर्भाचे आकाश निळे नसतेच. धुळीमुळे ते खाली पांढुरके, किंचित मातकट असते आणि फार वर गेल्यावर त्यात निळसर झाक येते. स्वच्छ गडद निळे आकाश पावसाळा सरल्यावर दिसते, आणि तेव्हा खालची जमीन पिवळी नसते. लेआउटवर वाळलेले गवत आणि पानगळीतले साग दाखवले असतील, तर मागे शरदातले आकाश लावू नये. पांढऱ्यात अगदी थोडा निळा आणि नखभर गेरू मिसळून क्षितिजाची छटा करावी आणि ओली असतानाच रुंद, कोरड्या ब्रशने वरच्या निळ्यात मिसळत न्यावी. लांबच्या टेकड्या हिरव्या रंगवू नयेत. रामटेकची टेकडी लांबून पाहिली तर ती निळसर करडी दिसते, कारण मधली हवा तिचा रंग खाऊन टाकते. जवळचे झाड आणि दूरचे झाड यांत आकाराइतकाच हा फरकही दाखवावा लागतो.

ज्यांना ब्रश धरायचा नाही त्यांनी छायाचित्र छापून घ्यावे, पण चकचकीत फ्लेक्सवर नव्हे, मॅट कागदावर. फ्लेक्सवर दिव्याची रेघ उमटते आणि त्याच्या लाटाही जात नाहीत. छापायचे छायाचित्र उभे राहून, कॅमेरा समतल धरून घेतलेले असावे आणि त्यातल्या झाडांच्या सावल्या ज्या बाजूला पडल्या असतील, त्याच बाजूला तुमच्या दिव्याने मॉडेलच्या सावल्या पाडाव्यात. छपाई मुद्दाम फिकी करून घ्यावी. तरीही ती अंगावर येत असेल तर गांधीबागेच्या कापडबाजारातून पातळ पांढरी नेट आणावी आणि मॉडेल व पडदा यांच्या मधोमध चुणी न पडू देता ताणून बसवावी. नेटवर थोडासा उजेड पडला की मागच्या देखाव्यावर धुरकट हवेचा थर चढतो. नेट मॉडेलच्या फार जवळ आली तर तिची वीण दिसते, तेवढे सांभाळावे.

गच्चीवरचा_गार्ड

एवढ्या खटाटोपापेक्षा मॉडेल उचलून गच्चीवर न्यावे, असे माझे मत आहे. सूर्य फुकट आहे, त्याचे माप अचूक आहे आणि आकाशही खरे आहे. मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकी छायाचित्रकाराने १:२४ मापाच्या मोटारी टेबलावर मांडून मागे खऱ्या रस्त्यावरची खरी घरे आणि झाडे घेतली आणि एल्गिन पार्क नावाचे एक काल्पनिक गाव असे उभे केले की पाहणाऱ्यांना ते जुन्या काळातले खरे गाव वाटे. त्यांचा कॅमेराही साधाच होता. युक्ती सगळी अंतरात होती. टेबल खऱ्या घरांपासून पुरेसे दूर ठेवले की ती घरे मॉडेलच्या मापाची दिसू लागतात.

नागपुरात वेळ मात्र जपून निवडावी लागते. आपले शहर २१ अंश अक्षांशाच्या थोडे वर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी डब्यांची छपरे पांढरी जळतात आणि बाजू अंधारात जातात. डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य मध्यान्ही साधारण ४५ अंशांवर असतो. या दोन्ही काळांत मध्यान्ह येथे घड्याळाच्या बारानंतर दहा-पंधरा मिनिटांनी होते, हेही लक्षात ठेवावे. हिवाळ्यातला दुपारचा मोठा भाग त्यामुळे कामाचा ठरतो. मागे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या येणार असतील तर फळी स्टुलावर ठेवून तिची मागची कडा कठड्याच्या वर आणावी, म्हणजे टाक्या कडेखाली झाकल्या जातात आणि दूरच्या झाडांचे शेंडे तेवढे वर उरतात.

सदर_वायरमन

गच्चीवरची धूळ आणि वारा यांचा हिशेब आपण धरलेला नाही. १:८७ मध्ये एक मिलिमीटरचा कण म्हणजे नऊ सेंटिमीटरचा दगड. गच्चीवर जाणाऱ्यांनी हवेचा फुगा आणि मऊ ब्रश खिशात ठेवावा आणि प्रत्येक छायाचित्र मोठे करून तपासल्याखेरीज मांडणी मोडू नये. बाकी गच्चीच्या उजेडाबद्दल माझी तक्रार नाही.

निमा_महाल

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. लेन्स मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे ती १७ मिलिमीटरपर्यंत खाली कशी न्यावी, हे समजत नाही. शिवाय पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी पोर्ट्रेट मोड वापरला तर चालेल का, तेही धागाकर्त्या काकांनी सांगावे.

छोटी_लाईन (धागाकर्ता)

निमाताई, मोबाईल उलटा धरावा, म्हणजे लेन्सचा कोपरा खाली येऊन थेट रुळांशेजारी टेकवता येतो. छायाचित्र नंतर सरळ करून घ्यावे. मोठा कॅमेरा ज्या जागी शिरूच शकत नाही, अशा दोन डब्यांमधल्या फटीतही मोबाईल शिरतो.

पोर्ट्रेट मोड कृपया वापरू नये. तो मॉडेलची कड अंदाजाने कापतो आणि बारीक कठडे, तारा, शिडीच्या पायऱ्या मागच्या धुरकटपणात विरघळवून टाकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धूसर पार्श्वभूमीच पाहणाऱ्याला सांगते की वस्तू लहान आहे. खऱ्या शहराच्या छायाचित्रात वरचा आणि खालचा भाग मुद्दाम धूसर केला तर ते शहर खेळण्यातले वाटू लागते, हे तुम्ही पाहिले असेलच. आपल्याला याच्या नेमके उलटे साधायचे आहे. येथे मोबाईलचा छोटा सेन्सर उपकारकच ठरतो, कारण त्यात पुढून मागेपर्यंत बराच भाग रेखीव येतो. मोठ्या कॅमेऱ्यात ही सोय नसते. पूर्ण फ्रेमच्या सेन्सरवर प्रतिमा प्रत्यक्षाच्या दशांश आकाराची पडत असेल, तर अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र) एफ/१६ इतके बारीक ठेवूनही जेमतेम दहा सेंटिमीटर खोली रेखीव मिळते. प्रतिमा पंचमांश झाली की ती तीन सेंटिमीटरच्याही आत येते. अ‍ॅपर्चर त्याहून बारीक केले तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. मोठा कॅमेरा वापरणाऱ्यांनी म्हणून फोकस थोडा थोडा मागे नेत अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकत्र करावीत. मात्र त्या दरम्यान दिवा, सनबोर्ड आणि पडदा यांना हात लावू नये.

खामला_कट्टा

सर्वांचे आभार. ट्यूब बंद करून, एक स्पॉट आणि सनबोर्ड एवढ्यावर काम सुरू करतो. एक शेवटचा प्रश्न आहे. तान्ह्या पोळ्यासाठी घरात पिढीजात लाकडी नंदी आहे, चाकांचा, दीड फूट उंच, जुन्या लाखेच्या चकाकीचा. त्याचे छायाचित्र यांतल्या कोणत्या रीतीने घ्यावे?

धरमपेठ_१_७२

नंदी हा कशाचे लहान माप म्हणून पाहायचा नसून तो स्वतःच वस्तू आहे, त्यामुळे त्याला नोंदीची रीत लावावी. मागे मधला करडा किंवा फिकट मातकट मॅट कागद वळवून घ्यावा, दीड फुटांच्या उंचीला ताव अपुरा पडल्यास बिनचकाकीचे सुती कापड इस्त्री करून ताणावे. मुख्य उजेड एका बाजूने, ट्रेसिंग पेपरच्या चौकटीतून द्यावा आणि दुसऱ्या बाजूला सनबोर्ड ठेवावा. लाख हा धातू नसल्यामुळे येथे पोलरायझर उपयोगी पडेल, परंतु तो पूर्ण फिरवून सगळी चकाकी काढू नये, खांद्यावर आणि वशिंडावर थोडी राहू द्यावी. कोरीव काम दाखवायचे असेल तर चौकट आणखी कडेला, जवळजवळ नंदीच्या रेषेत न्यावी, म्हणजे तिरप्या उजेडात झुलीची नक्षी आणि लाकडाचे तडे दोन्ही उठतील. कॅमेरा नंदीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा.